इस्त्री थांबते तिथे

मी इस्त्री बोलतेय. दचकू नका, बंद आहे. पिनसुद्धा काढून ठेवलीय, ती बघा, टेबलाच्या पायाशी लोंबतेय. तरी एकदा हात लावून खात्री करून घ्यायची असेल तर घ्या, मला राग येणार नाही. आमच्या जातीवर कुणाचाच विश्वास नसतो.

घराबाहेर पडताना माणसं पंख्याची चौकशी करत नाहीत की रेडिओची. जिना उतरून कोपऱ्यापर्यंत गेली की नेमकी माझीच आठवण होते. "इस्त्री बंद केली होती ना गं?" मग कुणीतरी धापा टाकत परत येतं, माझ्याकडे संशयाने बघतं आणि निघून जातं. वर्षानुवर्षं अशा नजरा झेलल्यावर कुणाचाही स्वभाव काळजीखोर होईल. माझा झालाय. तेव्हा सांगता सांगता मी मधेच घाबरले तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. तळाला जाड पत्रा, पोटात तार, वर काळी मूठ आणि मुठीखाली एक चकती. खोक्यात भरण्याआधी तिथल्या तपासनिसाने मला तापवलं, पत्र्यावर पाणी शिंपडलं, चर्र झालेलं ऐकलं आणि म्हणाला, "चालेल." माझं कौतुक म्हणून कुणी काही बोललं असेल तर एवढंच.

थोरलीच्या लग्नात मी भेट म्हणून या घरात आले. थोरली म्हणजे घरातली मोठी सून. काही वर्षांनी तिच्या दिराचं लग्न झालं आणि धाकटी आली. धाकटीच्या सामानात कपड्यांपेक्षा कागद जास्त होते. ती लिहायची. काय लिहायची ते तिच्या नवऱ्यालाही धड ठाऊक नव्हतं.

दुपारी घर रिकामं झालं की थोरली खालच्या खोलीतल्या टेबलावर जाड ब्लँकेट पसरून मला तापवायची आणि धाकटी समोर स्टुलावर येऊन बसायची. एकदा ती भीतभीत म्हणाली, "ताई, थोडं वाचून दाखवू का?"

"वाच की. हात गुंतलेत, कान रिकामेच आहेत."

त्या दुपारी थोरली नवऱ्याच्या निळ्या शर्टाला इस्त्री करत होती. धाकटीच्या गोष्टीतली बाई कुणाला न सांगता घर सोडून निघते, आणि बसस्टॉपवर पोचल्यावर तिला दिसतं, की पायात घरातल्या स्लिपरा तशाच आहेत. मी शर्टाच्या पाठीवरून खांद्याकडे निघाले होते, ती तिथेच थांबले. म्हणजे थोरलीचा हात थांबला. मी आतून ओरडत होते, बाई गं, हलव, हलव! पण आमचं ओरडणं म्हणजे नुसता वास. तो थोरलीच्या नाकापर्यंत पोचला तोवर शर्टाच्या पाठीवर माझ्या आकाराचा तपकिरी डाग पडला होता.

संध्याकाळी थोरलीच्या नवऱ्याने शर्ट उजेडात धरला. "आता काय, ऑफिसात भिंतीला पाठ लावून फिरू?"

थोरली ओशाळली. धाकटीनेही माफी मागितली, पण तिचे डोळे हसत होते. जिन्यात तिने थोरलीला गाठलं. "ताई, नक्की कुठे थांबला होतात?"

"अगं, त्या स्लिपरांपाशी. पुढं काही सुचेनाच मला."

"मग ते पान झालं," धाकटी म्हणाली आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर पळाली.

तेव्हापासून या घरात नियम झाला. इस्त्री थांबेल तो मजकूर ठेवायचा, इस्त्री सरळ निघून जाईल तो काढून टाकायचा. कपड्यांचं नुकसान नको म्हणून त्यांनी एक जुनी चादर बाजूला काढली. तिचं नाव पडलं ऐकायची चादर. कपडे झाले की थोरली ती चादर अंथरायची आणि काही काम नसताना मला नुसतीच फिरवत राहायची. चादरीवर एकेक डाग वाढत गेला, तशी कादंबरी वाढत गेली. मी मात्र दर दुपारी जीव मुठीत धरून असायचे. मुठीत म्हणजे थोरलीच्या.

लिहून झाली म्हणून काय लगेच छापली जाते? पहिल्या प्रकाशकाने बाड परत पाठवलं. वाचकांना एवढी उदास बाई सोसायची नाही, म्हणाला. दुसऱ्याला कादंबरी आवडली, फक्त शेवटी बाई घरी परत यायला हवी होती. धाकटीने मन घट्ट करून तसा शेवट लिहिला आणि वाचायला बसली. तेवढ्या वेळात थोरलीने उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ आणि रुमालांची चवड संपवली.

"एवढी झरझर इस्त्री कधी झाली नव्हती बघ," थोरली समाधानाने म्हणाली.

धाकटीने तो शेवट तिथल्या तिथे फाडला. बाई परत न येताच कादंबरी तिसऱ्या प्रकाशकाकडे गेली आणि तिचं नशीब उघडलं. पुढे आणखी पुस्तकं आली. मुलाखतीत कुणी विचारलं की धाकटी माझी गोष्ट सांगायची आणि लोकांना ती फार आवडायची. मला वाटायचं, कशाला सांगतेस बाई, दृष्ट लागेल.

मधल्या काळात थोरलीच्या मुलीने नवी इस्त्री आणली. गुलाबी, हलकी, नाकातून वाफ सोडणारी. तिला जरा वेळ हलवलं नाही तर ती आपली आपण बंद पडते. घरचे कपडे तिच्याकडे गेले आणि मी कपाटावर, रिकाम्या बरण्यांच्या शेजारी. पण वाचनाच्या दुपारी मला खाली उतरवायचे, कारण गुलाबीला डाग पाडता येत नाही. स्वतःच्या दोषामुळे बढती मिळालेली माझ्यासारखी मीच.

आता खरी काळजीची गोष्ट सांगते.

मी तापले का हे बघायला थोरली बोटं ओली करून माझ्या पत्र्यावर शिंतोडा मारते. आधी ती हे धाकटीशी बोलता बोलता, मान दुसरीकडे ठेवून करायची. चर्र ऐकलं की कामाला सुरुवात. नवी कादंबरी सुरू झाली त्या सुमारास माझ्या लक्षात आलं, की थोरली आता वाकून थेंबांकडे बघते. थेंब उड्या मारत नाहीसे झालेले डोळ्यांनी दिसल्याशिवाय मला कपड्याला लावत नाही. मग एकदा दारावरची बेल वाजली आणि तिने मान वळवली नाही. एकदा शेजारच्या खोलीत पातेलं पडलं, तरी नाही. थोरलीला ऐकू येईनासं झालं होतं.

आणि तरीही ती योग्य जागी थांबत होती! मला कोडं पडलं. मग समजलं घोडं कुठे पेंड खातंय ते. धाकटीला एक सवय आहे. स्वतःला फार आवडलेलं वाक्य जवळ आलं की ती कागदावरून नजर उचलते आणि चोरून माझ्याकडे बघते. थोरली ती नजर टिपायची आणि मला थांबवायची. धाकटी खूश. पानावर खूण. पुढचं प्रकरण.

म्हणजे धाकटी स्वतःलाच विचारत होती आणि स्वतःच हो म्हणत होती. तिच्या मनात भरलेलं सगळं पुस्तकात राहत होतं आणि तिने सहज, घाईत लिहिलेलं, न बघता वाचलेलं सगळं कापलं जात होतं. मी रोज त्या चादरीवर खोटे डाग पाडत होते. मला तोंड असतं तर त्याच वेळी सांगितलं असतं.

थोरलीला हे कळत नव्हतं असं नाही. एका दुपारी धाकटी प्रकाशकाच्या फोनसाठी वर गेली तेव्हा ती चादर खालीवर करत स्वतःशीच बोलली. ऐकू न येणाऱ्या माणसासारखं जरा मोठ्याने. "सांगायला हवं गं बाई. पण सांगितलं की ती दुसरं कुणीतरी बघणार. लिहिता मला येत नाही. ऐकायचं काम तेवढं माझं. तेही गेलं तर मी कोण, नुसती इस्त्री करणारी."

'नुसती' म्हणाली याचं मला जरा वाईट वाटलं. पण तिच्या आवाजातली भीती ऐकून मी ते मनावर घेतलं नाही.

धाकटी वरून आली ती सांगतच, की प्रकाशकाने मुखपृष्ठ करून घेतलंय आणि बाड लवकर छापायला हवंय. थोरली तिच्या ओठांकडे बघत हसून मान हलवत राहिली. आता पुस्तक छापून गेलं की गेलंच. मेलेलं पुस्तक बाजारात जाणार, नाव धाकटीचं बुडणार, आणि एक ना एक दिवस थोरलीचं बिंग फुटून तिची दुपारची जागा जाणार. दोघींपैकी एकीलाही मी वाचवू शकत नव्हते.

त्यातच कोपऱ्यावरच्या वाचनालयाने 'लेखिकेशी गप्पा' ठरवल्या. ग्रंथपालबाईंना कल्पना सुचली, की लेखिकेने नव्या कादंबरीतलं थोडं वाचावं आणि ताईंनी मागे प्रत्यक्ष इस्त्री करावी. वाचकांना गंमत. थोरलीने आढेवेढे घेऊन बघितले, गुडघेदुखीची सबब पुढे केली, पण धाकटीच्या उत्साहापुढे तिचं काही चाललं नाही. मला पिशवीत घातलं. चादरीची घडी माझ्यावर ठेवली.

वाचनालयाचा हॉल भरला होता. मंचावर पुढे वाचायचा उभा डेस्क आणि माइक, मागे माझं टेबल. माझी पिन एका सैल सॉकेटमध्ये, वायर गालिच्यावरून, आणि गालिच्यावरून लोकांची ये-जा. पण खरी धास्ती दुसरीच होती. धाकटी डेस्कपाशी उभी राहिली की तिची पाठ थोरलीकडे येणार होती. नजर दिसणार नव्हती.

आधी प्रश्न झाले. एक निवृत्त हेडमास्तर उठले. "प्रेरणा आपल्याला नेमकी कुठून मिळते?"

"धुण्याच्या ढिगातून," धाकटी म्हणाली. "ढीग नसला की ताई बसत नाहीत. ताई बसल्या नाहीत की मी लिहून काय करू?"

लोक हसले. कडेवर मूल घेतलेल्या एका बाईने विचारलं, "पण सुचलंच नाही तर हो? मला वेळ मिळतो तेव्हा सुचत नाही आणि सुचतं तेव्हा हा रडतो."

"मलाही नाही सुचत. मी तरी बसते. पुष्कळदा वाईट लिहिते आणि संध्याकाळी सगळ्यांवर चिडते. घरचे सांगतील."

पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी, ज्यांनी तिचं एकही पुस्तक वाचलेलं नाही हे त्यांच्या तोंडावर लिहिलं होतं, प्रकाशक कसा गाठायचा ते विचारलं. "बाईंच्या मुलाखतीत सगळ्यांत उपयोगाचा प्रश्न माझाच," असंही शेजाऱ्याला सांगितलं. धाकटीने त्यांना नकाराच्या गोष्टी सांगितल्या. मग एका मुलीने हळूच विचारलं, "पुस्तक पूर्ण झालं हे तुम्हाला कसं कळतं?"

"मला नाही कळत," धाकटी म्हणाली. "ताईंना कळतं."

मागे थोरली काही न ऐकता हसत उभी होती. माझ्या मुठीवर तिचा हात ओला झाला होता.

वाचन सुरू झालं. धाकटीने आपला लाडका उतारा निवडला होता, नदीवरच्या धुक्याचा. घरी त्या उताऱ्याला मी तीनतीनदा थांबले होते. आता थोरलीपुढे फक्त धाकटीची पाठ. तिने एकदा उजवीकडे बघितलं, एकदा डावीकडे, आणि मग बुडत्याने काडी धरावी तशी समोरच्या वाचकांच्या चेहऱ्यांना धरून राहिली. हेडमास्तर घड्याळ बघत होते. प्रकाशक कसा गाठायचा विचारणाऱ्या गृहस्थांनी जांभई दिली. बाई मुलाचे मोजे चढवत होती. थोरलीने मला थांबवलं नाही. मी चादरीवरून सरळ जात राहिले, टोकाला गेले, परत आले.

धाकटीने मागे वळून बघितलं. मी चालतच होते. तिच्या कपाळाला आठी पडली. ती पुन्हा वाचायला लागली, जास्त भावनेने, जास्त हातवारे करून, आणि त्या हातवाऱ्यांत एक पान डेस्कवरून उडालं आणि तरंगत मंचाच्या फटीत गेलं.

धाकटी डेस्कच्या पुढे जाऊन वाकली. गुडघ्यांवर बसली, फटीत हात घातला. माइकपाशी कुणी नव्हतं. सगळा हॉल शांत झाला. आता पान मिळतं की नाही म्हणून लोक माना उंचावून, श्वास धरून बघत होते. कडेवरचं मूलसुद्धा गप्प.

डेस्क आडवा आल्यामुळे थोरलीला धाकटी दिसत नव्हती. तिला दिसले ते फक्त एवढे सगळे स्तब्ध चेहरे. तिचा जीव भांड्यात पडला. अखेर ती जागा आली, असं तिला वाटलं. आणि तिने मला थांबवलं.

कुणीही काहीही वाचत नव्हतं तेव्हा मी थांबले.

धाकटी पान घेऊन उठली आणि तिने आम्हाला बघितलं. थांबलेली मी, आणि थोरलीचा अगदी तल्लीन झालेला चेहरा. डोळ्यांत पाणीसुद्धा आणलं होतं तिने.

"बघा, पुढचं ऐकायला ताईसुद्धा थांबल्या!" कुणीतरी ओरडलं आणि टाळ्या पडल्या. थोरलीने टाळ्या बघितल्या, मग धाकटीच्या हातातलं धुळीने माखलेलं पान बघितलं. तिचा चेहरा उतरला. तिने मला उचलून उभी ठेवली आणि चादरीवरचा डाग हाताने झाकला.

प्रकाशक पहिल्या रांगेतून उठला. "झालं शिक्कामोर्तब! पुस्तक या महिन्यात आपल्या हातात."

"नाही," धाकटी माइकवर म्हणाली. "पुस्तक झालेलं नाही. मला वाटलं होतं झालंय."

घरी जाताना धाकटी भराभर पुढे चालत होती. मी पिशवीत होते, अजून कोमट. खालच्या खोलीत आल्यावर धाकटी थोरलीसमोर उभी राहिली आणि एकेक शब्द तोडून म्हणाली, "कधीपासून ऐकू येत नाही?"

"ही कादंबरी सुरू झाली तेव्हापासून."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाहीत! मी सगळं पुस्तक तुमच्या हातावर विसंबून लिहिलंय, ताई. मी काय काय कापून टाकलं!"

थोरलीला निम्मंच कळलं असेल, पण राग कळायला कान लागत नाहीत. "तुझ्या डोळ्यांत दिसायचं गं, इथे थांबायला हवं म्हणून. थांबले की तुला बरं वाटायचं."

"मला बरं वाटायला नको होतं. मला खरं हवं होतं."

"मग आज खरं सांगितलं ना," थोरली रडत रडत म्हणाली. "धुक्याला तो पुढचा माणूस जांभया देत होता. तू नव्या कुणाला तरी बघ ऐकायला. मी आपली वर भाजी निवडत बसते."

ती गेली. मला कपाटावर ठेवायलाही कुणी आलं नाही. मी टेबलावरच राहिले. किती दुपारी तशाच गेल्या. वर धाकटीची खुर्ची सरकायची, स्वयंपाकघरात थोरलीची सुरी चालायची, आणि मधल्या जिन्यावरून कुणी उतरायचं नाही. प्रकाशकाचा फोन वाजत राहायचा. वायरमन दुसऱ्या कामासाठी आला होता, त्याने माझी वायर हातात धरून सांगितलं, "हिचं आतलं सूत बाहेर आलंय. टाकून द्या." कुणी हो म्हटलं नाही की नाही म्हटलं नाही.

आज दुपारी मात्र पावलं वाजली. धाकटी आली, तिच्यामागे हाताला धरून आणलेली थोरली. थोरली सवयीने टेबलाकडे वळली, तर धाकटीने तिला स्टुलावर बसवलं आणि बाड तिच्या मांडीवर ठेवलं. माझी वायर तिने चिकटपट्टीने गुंडाळली होती, वाकडीतिकडी. तिने पिन लावली, चादर अंथरली आणि मला हातात घेतलं.

"तुम्ही वाचा," तिने खुणेने सांगितलं. "मी ऐकते."

"मी? माझा आवाज बघ कसा झालाय. भोंग्यासारखा."

"वाचा हो, ताई."

थोरली वाचायला लागली. सपाट, मोठ्या आवाजात, कुठे हेल नाही की हातवारे नाहीत. खोडलेलं काय आणि ठेवलेलं काय, ती सगळंच वाचत होती. धुकं आलं आणि गेलं. धाकटी मला भराभर रेटत होती, कोपरे चुकवत, स्वतःच्या बोटांना चटके घेत. तिला इस्त्री मुळीच येत नाही. मी भीतीने अर्धी झाले होते.

मग चार ओळी आल्या. काळ्या रेघेने कापलेल्या. घरी कधीतरी धाकटीने त्या न बघता वाचल्या होत्या आणि मी त्यांच्यावरून सरळ निघून गेले होते. त्यांत मुलगी आजारी वडिलांची नखं कापते. एका हाताची झाल्यावर ते न सांगता दुसरा हात पुढे करतात, लहान असताना ती करायची तसा. बस, एवढंच.

माझ्यावरचा हात थांबला.

मी ओरडले नाही. धूर माझ्या कडेने वर आला. थोरलीने वास घेतला, कागदावरून मान वर केली आणि धाकटीकडे बघितलं. धाकटी उभ्या उभ्या रडत होती. थोरलीने उठून तिच्या हातासकट मला उचललं, खालचा डाग नीट बघितला आणि पेन्सिल मागितली. त्या चार ओळींशेजारी तिने 'ठेवणे' असं लिहिलं. मग वायर निवावी म्हणून धाकटीने माझी पिन काढून ठेवली, आणि तेवढ्या वेळात मी तुम्हाला हे सगळं सांगितलं.

पुस्तक अजून पुष्कळ बाकी आहे. माझी वायर किती दिवस धरेल ते मला माहीत नाही. चिकटपट्टीखालून ती अजून गरम लागतेय आणि मला धाकधूक होतेय. एवढं पुस्तक होऊ द्या, मग मला भंगारात घाला, माझी तक्रार नाही. आता मात्र जरा गप्प बसा. धाकटीने पिन लावलीय, थोरलीने पान उलटलंय. धाकटीला ऐकू द्या.